आपोआप साबण घेणारं वॉशिंग मशीन: कोल्हापूरच्या पाण्याप्रमाणे सेटिंग कसं करायचं

नव्या फ्रंट लोड मशिनींत साबणाच्या ट्रेमध्ये दोन छोट्या टाक्या येतात. एक लिक्विड डिटर्जंटची, साधारण लिटर-सव्वा लिटरची. दुसरी सॉफ्टनरची, अर्ध्या लिटरच्या आसपास. बॉशचं आय-डॉस, एलजीचं ईझी डिस्पेन्स, सॅमसंगचं ऑटो डिस्पेन्स, ही सगळी याच सोयीची नावं. टाकी एकदा भरली की पंधरा-वीस धुणी तिकडं बघायचं नाही. डेमोला येणारा माणूस टाकी भरून, एक धुणं लावून दाखवून जातो. सेटिंग मात्र कंपनीतून आलेलं असतं तसंच राहतं. मशीनला कपड्यांचं वजन कळतं. तुमचं लिक्विड किती घट्ट आणि घरचं पाणी किती जड, हे मात्र त्याला तुम्हीच सांगावं लागतं. "साबण फार खातंय" आणि "टॉवेल पापडासारखे कडक होतात" या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं.

आधी आत काय चालतं ते बघू. स्टार्ट दाबल्यावर पाणी घेण्याआधी ड्रम थोडा थोडा फिरतो. तो फिरवायला मोटारीला किती जोर लागतो, त्यावरून मशीन वजनाचा अंदाज बांधतं. मग छोटा पंप टाकीतून तेवढे मिली लिक्विड ओढतो आणि पाण्याच्या धारेबरोबर ते ड्रममध्ये जातं. म्हणजे वजन कोरड्या कपड्यांचं धरलेलं असतं. आपल्याकडं कॉलर, शाळेचे गणवेश, शेतातले कपडे बादलीत भिजत घालून मग मशीनला लावायची पद्धत आहे. असे ओले कपडे टाकले की मशीन त्यातल्या पाण्याचंही वजन मोजतं आणि त्या हिशेबानं साबण जास्त ओढतं. भिजवलेले कपडे लावताना ऑटो डोस, म्हणजे टाकीतून आपोआप साबण घ्यायची सोय, बंद करा आणि हातानं लिक्विड घाला.

पाणी बघा, मग आकडा घाला

शहरात पंचगंगेचं आणि काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं येणारं पाणी मिळतं. धरण-नदीचं पाणी साधारणपणे मऊ असतं, फेस लगेच होतो. उपनगरांत जिथं बोअरवर भागवावं लागतं, तिथं गोष्ट वेगळी. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं आणि साबणाचा काही भाग त्यांच्याशी झुंजण्यातच संपतो. कित्येक अपार्टमेंटमध्ये नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत मिसळतं. अशा ठिकाणी शेजारच्या बिल्डिंगमधला आकडा आपल्याकडं चालेलच असं नाही.

घरच्या घरी बघायचं तर पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात अंगाच्या साध्या साबणाचा किस चिमूटभर टाका आणि जोरात हलवा. वर भरपूर फेस आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ, तर पाणी मऊ. फेस कमी, पाणी दुधाळ आणि वर साय धरल्यासारखा थर, तर पाणी जड. हे डिटर्जंटनं करू नका, ते जड पाण्यातही फेस देतं आणि फसवतं. आकडा हवा असेल तर जडपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. पट्टी त्याच्या वर गेली तर मशीनमध्ये पाणी 'जड' म्हणूनच लावा.

आता लिक्विडच्या बाटलीवर बघा. पुष्कळ बाटल्यांवर माप "१ झाकण" असं असतं, आणि झाकणात किती मिली मावतं ते कुणी बघत नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते १० मिलीचं मापाचं झाकण घ्या, त्यानं पाणी मोजून बाटलीच्या झाकणात ओता. साडेपाच वेळा ओतल्यावर भरलं तर एक झाकण म्हणजे ५५ मिली. पूर्ण लोडला जेवढं सांगितलंय ते मिलीमध्ये लिहून ठेवा. नळाचं पाणी असेल तर लेबलवरचा कमीचा आकडा, बोअरचं असेल तर जास्तीचा.

हा आकडा मशीनमध्ये कसा जातो ते मॉडेलवर आहे. पुष्कळ मशिनींत साबणाच्या चिन्हाचं बटण ३ सेकंद दाबून धरलं की मिलीचा आकडा दिसतो, तो कमी-जास्त करता येतो. काही मशिनींत फक्त कमी, मध्यम, जास्त एवढंच असतं. तिथं मऊ पाण्याला 'कमी'पासून सुरुवात करा. एक गोष्ट पुस्तिकेत नक्की बघा: हा आकडा किती किलो कपड्यांसाठी धरलाय? बॉश ४ ते ५ किलोसाठी धरते. तुमच्या लेबलवरचं माप ८ किलोच्या भरलेल्या ड्रमचं असेल आणि तुम्ही ते जसंच्या तसं घातलंत, तर प्रत्येक धुण्याला जवळजवळ पावणेदोन पट साबण जातो.

बरोबर बसलं का, हे तपासायला महागडं काही लागत नाही. धुतलेले ४-५ टॉवेल साबणाशिवाय, ऑटो डोस बंद करून, ४० अंशावर लावा. दहा-पंधरा मिनिटांनी काचेतून बघा. पाण्यावर फेस दिसला तर तो आधीच्या धुण्यांत कपड्यांत अडकून राहिलेला साबण आहे. आकडा १० मिलीनं खाली आणा. उलट कॉलर-बाह्या मळकट राहत असतील तर तेवढाच वर न्या. एका वेळी १० मिलीपेक्षा जास्त हलवू नका, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.

टाकीत काय घालायचं आणि काय नाही

फक्त पातळ लिक्विड, तेही फ्रंट लोडसाठीचं, कमी फेसाचं. टॉप लोडचं लिक्विड स्वस्त पडतं म्हणून भरलं तर फेस वाढतो. फेस वाढला की मशीन जादा पाणी घेऊन खळबळत बसतं, स्पिन नीट होत नाही आणि तासाचं धुणं दीड तासावर जातं. पावडर पाण्यात विरघळवूनसुद्धा घालू नका. ती नळीत बसते आणि पंप जाम होतो. ब्लीच, व्हिनेगर, नीळ यांतलं काहीच टाकीत नाही.

ब्रँड बदलायचा असेल तर टाकी आधी रिकामी करा आणि धुवून घ्या. दोन कंपन्यांची लिक्विड एकत्र आली की कधी कधी दह्यासारखी गुठळी धरते. ही चूक सर्रास होते, कारण ऑफरमधली वेगळी बाटली घरात येते आणि जुन्यावरच ओतली जाते.

रेशमी साडी आणि लोकरीचे कपडे यांना टाकीतलं लिक्विड वापरू नका. साध्या डिटर्जंटमधली प्रथिनं तोडणारी एन्झाइम रेशीम आणि लोकर दोन्ही खराब करतात, कारण ते धागेही प्रथिनांचेच असतात. ऑटो डोस बंद, सौम्य लिक्विड हातानं, आणि डेलिकेट प्रोग्रॅम. तांबड्या रश्श्याचे डाग मात्र कुठलंही मशीन ओळखत नाही, पॅनेलवर एआय लिहिलेलं असलं तरी. त्यावर लिक्विडचे दोन थेंब चोळून दहा मिनिटं ठेवा, मग टाका. तेल निघाल्यावर हळदीचा जो पिवळा राहतो तो उन्हात वाळवताना बराच उडतो.

बिघडतं कुठं

मशीन साबण घेत नसेल तर आधी ट्रे 'टक' आवाज येईपर्यंत आत गेलाय का बघा. मग टाकीची तोटी. महिनाभर मशीन बंद राहिलं की लिक्विड वाळून तिथं चिकट खडा होतो, सॉफ्टनरच्या बाजूला जास्त. टाकी रिकामी करून कोमट पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवा. उकळतं पाणी नको. ट्रेच्या मागं विजेचे कनेक्टर असतील तर ती बाजू कोरडी ठेवा.

साबण ट्रेमध्येच साचत असेल तर पाण्याचा दाब तपासा. गच्चीवरची टाकी मशीनपासून ३ मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो, आणि काही मशिनींना तो कमी पडतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की मागच्या पाइपच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळानं भरते, तेव्हाही हेच होतं. मशीनचा प्लग काढा, नळ बंद करा, पाइपचा नट फिरवून सोडवा, जाळी पक्कडीनं हळू ओढा, जुन्या टूथब्रशनं घासा आणि परत बसवा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी.

लाइट गेली तर बहुतेक मशिनी आल्यावर तिथूनच पुढं चालू होतात. पण तुम्ही प्रोग्रॅम रद्द करून नव्यानं स्टार्ट दिलात तर साबण दुसऱ्यांदा पडतो. अशा वेळी ऑटो डोस बंद करून चालू करा.

वायफाय जोडताना अडतं ते बहुतेक एकाच गोष्टीवर: पुष्कळ मशिनी फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कची नावं वेगळी करा, मोबाइल २.४ वर आणा, लोकेशनची परवानगी द्या आणि मग जोडा. ॲपमधल्या टाकी संपत आल्याच्या सूचना आणि एरर कोडचा अर्थ या दोन गोष्टी खरंच उपयोगाच्या. बाहेरून मशीन चालू करायचं असेल तर निघण्यापूर्वी दार लावून 'रिमोट स्टार्ट' दाबून ठेवावं लागतं, आणि हे दर वेळी. नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल आणि गच्चीच्या टाकीचा भरवसा नसेल, तर हे फीचर बंदच असलेलं बरं.