चाकाला साखळी लावताय? या चुका टाळा

साताऱ्यातून स्वतःची गाडी घेऊन ऐन थंडीत मनाली-सिस्सू गाठणारे वाढलेत. निघताना हवा, ऑइल, वायपर सगळं बघतात आणि स्नो चेन, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवायची साखळी, मात्र ‘तिकडं मिळेल की’ म्हणून सोडतात. मग सोलंगच्या अलीकडं जी हाताला लागेल ती भाड्यानं घ्यायची. भानगड इथंच होते, कारण सगळ्या चेन सारख्या नसतात.

ऊसाचा ट्रॅक्टर फडात रुतला की आपण चाकाखाली पाचट टाकतो, तसे अमेरिकेत लोक टायरला दोरखंड गुंडाळायचे. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांनी दोराच्या जागी साखळी आणली आणि १९०४ मध्ये पेटंट घेतलं. टायरच्या दोन्ही अंगांना एकेक साखळी, मधे आडव्या पट्ट्या, अशी ही शिडी. ती आजही विकली जाते. सरळ चढाला आणि ब्रेकला ती चांगली धरते, पण दोन पट्ट्यांच्या मधे नुसतं रबर बर्फावर येतं. त्यामुळं गाडी हादरते आणि वळणावर आडवी सरकू शकते. शंकरपाळ्याच्या आकाराची जाळी असलेल्या चेनमध्ये कडी सतत जमिनीला टेकलेली असते. घाटासाठी मी हीच घेईन, दोन पैसे जास्त गेले तरी.

‘सतरा इंची द्या’ एवढ्यावर चेन घेऊ नका. टायरच्या अंगावरचा पूर्ण आकडा सांगा, उदा. २१५/६० आर१७. हौसेनं रुंद टायर टाकले असतील तर आधी गाडीचं मॅन्युअल काढा. कारच्या चेनच्या कड्या बहुधा ९ मिलिमीटरच्या असतात, एसयूव्हीच्या १२ किंवा १६. आतल्या बाजूला जागा नसेल तर कडी सस्पेन्शनला नाहीतर ब्रेकच्या नळीला घासते. अशा गाडीला वायर-केबलची पातळ चेन किंवा टायरवर चढवायचा कापडी पायमोजा (स्नो सॉक) बरा. हा पायमोजा डांबरावर लगेच फाटतो, एवढं ध्यानात ठेवा. ऑनलाइन मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या रुतलेली गाडी बाहेर काढण्यापुरत्याच.

चेन ओढणाऱ्या चाकांना लागते. आपल्या बहुतेक गाड्यांची पुढची चाकं ओढतात. बोलेरो, स्कॉर्पिओच्या साध्या मॉडेलची मागची. फोर बाय फोरला मॅन्युअल सांगेल तसं, आणि चारही चाकांना लावली तर उत्तमच. फक्त पुढं चेन असेल तर उतारावर जोरात ब्रेक मारू नका. पुढचं चाक धरतं आणि मागची बाजू फिरते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.

बसवताना हूकचं उघडं तोंड टायरकडं नको, बाहेर हवं. बसवायला सोपं म्हणून हवा कमी करू नका. शे-दोनशे मीटर गेलात की उतरून पुन्हा ताणा, कारण चेन चाकाबरोबर फिरून बसते तेव्हा ढिली पडते. आपोआप ताणणारीलाही एकदा नजर टाका. मडगार्डमधून टकटक आली तर लगेच थांबा. सुटलेलं टोक आपटतंय. चेन एका अंगाला सरकत असेल तर आतली बाजू नीट बसलेली नाही. काढून पहिल्यापासून लावा.

ताशी ५० किलोमीटर ही साधारण वरची मर्यादा; पाकिटावर कमी लिहिलं असेल तर तेवढीच. कोरड्या डांबरावर चेन आणि टायर दोन्ही झिजतात. मनाली-सिस्सू वाटेवरचा अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, आत बर्फ नाही आणि थांबायलाही मनाई, म्हणून चेन असेल तर वेग अगदी कमी ठेवा.

आणि कासच्या पावसाळी रस्त्यावर चेन लावू का, असं विचारणाऱ्यांना: नको. तिथं चांगल्या नक्षीचे टायर घाला.