जुन्या सी-१० ला एअर बॅग: आधी उंची, मग ग्राइंडर

डॅलसच्या आसपास जुन्या शेवरोलेट पिकअपांना तोटा नाही, आणि स्प्रिंगांच्या जागी हवेने फुगणाऱ्या रबरी एअर बॅगा बसवून त्या जमिनीला टेकवणाऱ्यांनाही नाही. कुणी नवा गडी या नादाला लागला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: कॉम्प्रेसर कुठला घेऊ? खरं तर हा शेवटचा प्रश्न. कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह हे पैसे टाकले की मिळतं आणि एखाद्या शनिवार-रविवारात जोडूनही होतं. चालताना ट्रक कोणत्या उंचीवर उभा राहणार, हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि पुढचं सगळं काम त्या एका मापावर उभं असतं.

मी लिहितोय ते १९६७ ते १९७२ च्या शेवरोलेट सी-१० पिकअपबद्दल. माझा १९७१ चा, लाँगबेड, म्हणजे मागचा हौदा (बेड) लांब असलेला. त्या वर्षापासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले म्हणून मुद्दाम तोच शोधला. कराडला वडिलांच्या गॅरेजात मी टाटा ट्रकच्या पाट्यांखाली, म्हणजे लीफ स्प्रिंगांखाली वाढलो, त्यामुळे पहिल्यांदा या ट्रकखाली शिरलो तेव्हा मजाच वाटली. मागेसुद्धा पाटे नाहीत! फ्रेमपासून मागे जाऊन एक्सल धरणारे दोन लांब ट्रेलिंग आर्म, त्यांवर एक्सलच्या जरा पुढे कॉइल स्प्रिंगा, आणि एक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड. कॉइल काढून तिथे बॅग ठेवली तरी एक्सल जागच्या जागी राहतो. त्याच काळातल्या जीएमसीला, म्हणजे शेवरोलेटच्या भावंड ब्रँडच्या पिकअपला, मागे सहसा पाटे असत. तसा ट्रक असेल तर नुसती बॅग घेऊन भागणार नाही. पाटा वजन पेलतो आणि एक्सलही धरून ठेवतो. तो काढला की आर्म आणि रॉडचं अख्खं लिंकेज नव्याने बसवावं लागतं.

आता मापं. ट्रक सपाट काँक्रीटवर घ्या, फ्रेम भक्कम जॅकस्टँडवर ठेवा. कॉइल काढताना घाई नको, विशेषतः पुढच्या. दाबलेली कॉइल सुटली तर हात जातो, तेव्हा स्प्रिंग कॉम्प्रेसर लावा आणि चाक धरणारा खालचा आर्म जॅकवर धरूनच हळूहळू सोडा. स्प्रिंगा निघाल्या की जॅकने एक्सल वर-खाली करून पाहा. जे टायर-रिम वापरणार तेच लावलेले हवेत. फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत तीन मापं घेऊन मास्किंग टेपवर लिहून ठेवा: पूर्ण बसलेला, पूर्ण उचललेला आणि चालण्याचा. चालण्याच्या उंचीवरून खाली-वर दोन्हीकडे निदान तीन-तीन इंच जागा मिळाली पाहिजे. ती नसेल तर चालण्याची उंची वाढवा. फोटोत दिसायला तो ट्रक कितीही देखणा असो, रस्त्यावर तो तुमची पाठ मोडणार.

बॅगचे ब्रॅकेट याच मधल्या मापावर जुळवायचे. त्या उंचीवर वरची आणि खालची प्लेट एकमेकींना समांतर आणि एकाच रेषेत हवी. बॅग फुगल्यावर चहूबाजूंनी निदान एक इंच मोकळी राहिली पाहिजे, सायलेन्सरच्या पाइपपासून त्याहून बरीच लांब. घासणारं रबर आवाज करत नाही. एक दिवस थेट फुटतं.

हवा किती लागेल? हायवेवरच्या ट्रकस्टॉपला कॅट स्केल नावाचा ट्रकचा वजनकाटा असतो, तिथे पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं मिळतं. समजा पुढे २,२०० पौंड भरलं. एका चाकाला १,१००, त्यातून चाक-ब्रेकचं वजन वजा केलं की साधारण १,०००. पण पुढची बॅग खालच्या आर्मच्या साधारण मधोमध बसते, म्हणून तिच्यावर जवळपास दुप्पट, २,००० पौंड येतात. बॅगचं प्रत्यक्ष वजन पेलणारं क्षेत्रफळ २५ चौरस इंच धरलं तर चौरस इंचाला ८० पौंड दाबाची हवा लागेल. मागे बॅग एक्सलच्या जवळ असते आणि रिकाम्या बेडला वजनही नसतं, तिथे तीच बॅग तीसेक पौंड दाबात ट्रक उचलते. इतक्या कमी हवेवर मागचा भाग बोटीसारखा डुलतो. म्हणून मागे लहान बॅग घ्या किंवा आर्मवर थोडी पुढे सरकवा. चारही बॅगा एकाच मापाच्या विकणाऱ्याचं ऐकू नका.

मागे खरं काम फ्रेम कापण्याचं. ट्रक बसला की एक्सलची नळी फ्रेमच्या पोटाला आपटते, म्हणून तिथे खालून कमान कापून जाड प्लेट लावतात. याला सी-नॉच म्हणतात. बेड उतरवा, चार माणसं आणि एक दुपार पुरते. ब्रेकची नळी बाजूला घ्या. ज्या ठिकाणी कापणार त्याच्या पुढे-मागे दोन्हीकडे फ्रेमला आधार द्या, आणि एका वेळी एकच बाजू कापा. कापाचा कोपरा टोकदार ठेवू नका, आधी भोक पाडून तिथे गोलाई आणा, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो. मी बोल्टने बसणारा नॉच वापरला. वेल्डिंग करणार असाल तर बॅटरी सोडवा, आणि लक्षात ठेवा, या ट्रकची पेट्रोलची टाकी कॅबमध्ये सीटच्या पाठीमागे असते. ती काढून लांब ठेवल्याशिवाय ठिणगी पाडू नका.

बॅग लावून स्प्रिंगचा नुसता प्रकार बदललाय. झटका जिरवण्याचं काम अजून शॉकअपचंच. बसलेल्या ट्रकमध्ये तो तळाला लागू नये आणि उचललेल्यात ताणला जाऊ नये, असं माप निवडून त्याचं माउंट हलवा. आणि बंप स्टॉप, म्हणजे एक्सल वर आपटू नये म्हणून असलेले रबरी ठोकळे, काढून टाकू नका. बॅग आपटून चेपायच्या आधी वजन त्यावर आलं पाहिजे, म्हणजे हवा गेली तरी ट्रक हळूहळू घरी आणता येतो. ब्रेकचा होज पूर्ण उचललेल्या उंचीला पुरतो का, पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का, हेही आत्ताच पाहा. एक्सल खूप वर-खाली झाला की छोटा पॅनहार्ड रॉड त्याला आडवा ओढतो. लांब, ॲडजस्टेबल रॉड घेतलेला बरा. पिनियनचा, म्हणजे एक्सलमध्ये प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो तिथला, कोन चालण्याच्या उंचीवरच मोजा.

उरलं पाइप आणि वायरिंग. पाच गॅलनची हवेची टाकी, दाब पुरेसा झाला की कॉम्प्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच, टाकीआधी हवा उलटी येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह, पाणी अडवायला ट्रॅप. चार बॅगांना चार स्वतंत्र लाइन द्या. डाव्या-उजव्या बॅगा एकत्र जोडल्या तर वळणावर हवा वजन आलेल्या बाजूकडून हलक्या झालेल्या बाजूला पळते आणि ट्रक कलतो. नायलॉनचा पाइप ब्लेडने सरळ कापा, कात्रीने चेपलेलं टोक फिटिंगमध्ये गळतंच. कॉम्प्रेसर वीसएक अँपिअर खेचतो, तेव्हा रिले आणि फ्यूज बॅटरीजवळ, डॅशबोर्डच्या स्विचवरून थेट करंट नाही.

महाराष्ट्रातले मित्र विचारतात, इकडे जुन्या टाटाला करता येईल का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही. आरटीओला विचारल्याशिवाय फ्रेमला हात लावू नका.

सगळं जोडून झालं की हवा भरा, साबणाचं पाणी प्रत्येक फिटिंगवर ओतून बुडबुडे येतात का पाहा, मग रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी गेज बघा. मग चालण्याच्या उंचीवर ट्रक उभा करून अलाइनमेंट करून घ्या. दुकानदाराला आधीच सांगा, कारण त्याने ट्रक भलत्याच उंचीवर मोजला तर पुढचे टायर आतल्या कडेने झिजून जातील. हवेच्या टाकीच्या तळाची तोटी दर महिन्याला उघडा. टेक्सासच्या दमट उन्हाळ्यात माझ्या टाकीतून कपभर पाणी सहज निघतं.