लंडनमध्ये दोघांचा शनिवार-रविवार, खिशाला परवडेल असा

लंडनला नव्याने आलेल्या जोडप्याला सुरुवातीला सुट्टीचे दिवस अक्षरशः खायला उठतात. आपल्या लोकांच्या इथल्या ओळखी बऱ्याचदा मुलांच्या शाळेतून आणि वाढदिवसांतून होतात. मूल नसलेले दोघं त्यात आपसूक बाजूला पडतात आणि मग घरभाडं भरून उरलेले पैसे हॉटेलात जातात. कोणी बोलावेल म्हणून वाट बघत बसू नका. डबा बांधा, थर्मासमध्ये चहा घ्या आणि निघा.

पहिली फेरी मी सगळ्यांना हीच सांगते. चॉक फार्म स्टेशनला उतरा आणि किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरी जा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं. आत जायचं तर उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या. तिथून प्रिमरोझ हिल जवळच आहे. टेकडी छोटीच, पण वरून मध्य लंडन पसरलेलं दिसतं. पलीकडे उतरलात की रीजंट्स कॅनॉल लागतो, त्याच्या काठाने पश्चिमेला चालत राहा. कालवा थेट प्राणीसंग्रहालयातून जातो. पुढे बोगद्यापाशी काठची वाट तुटते. तिथे वर रस्त्यावर या, एजवेअर रोड ओलांडा, की आलंच लिटल व्हेनिस. रंगवलेल्या होड्यांमध्ये लोक संसार करून राहतात, काहींनी तर टपावर कुंड्याही लावलेल्या असतात. आणि अगदी शेजारच्या हाउली प्लेसमध्ये, पुन्हा १० नंबरच्याच घरावर, लोकमान्य टिळकांचा फलक आहे. १९१८-१९ मध्ये ते इथे राहत होते. परतीसाठी वॉरिक अॅव्हेन्यू स्टेशन. बाबासाहेबांच्या घरापासून टिळकांच्या घरापर्यंत सगळं पायी, आणि खर्च काय तो जाण्यायेण्याचा.

बसने फिरायचं तर पहिल्या बसमध्ये बँकेचं कार्ड लावल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच कापलं जातं. दोघांची कार्डं मात्र वेगळी हवीत, आणि दिवसभर तेच कार्ड वापरा. सकाळी फोन आणि संध्याकाळी प्लास्टिकचं कार्ड असं केलंत तर हिशोब वेगळा धरतात.

शहराबाहेर जायचं असेल तर टू टुगेदर रेलकार्ड घ्याच. फॅमिली रेलकार्डाच्या सवलतीला बरोबर मूल लागतं, हे मात्र दोघा मोठ्यांचं आहे. वर्षाला ३५ पौंड, एकाच कार्डावर दोघांचे फोटो, आणि रेल्वेच्या तिकिटात एक तृतीयांश सूट. प्रवास पूर्ण वेळ दोघांनी मिळूनच करायचा. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊआधी चालत नाही, शनिवार-रविवारी तशी अट नाही. महिन्यातून एकदा जरी लांब गेलात तरी पैसे वसूल होतात.

हे कार्ड घेऊन वॉटर्लूहून बॉक्स हिलला जा. स्टेशनपासून थोडं चाललं की मोल नदी येते. ती ओलांडायला पात्रात दगड मांडले आहेत, आणि पलीकडे लगेच पायऱ्यांची खडी चढण. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना हे फार नाही, पण चिखल भरपूर असतो, बूट चांगले घाला. पावसानंतर दगड पाण्याखाली गेले असतील तर जवळच्या पुलावरून जा, धाडस करू नका.

पावसाळी दिवसांना संग्रहालयं आहेतच. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्ही अँड ए (म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), सगळीकडे कायमची दालनं फुकट. फुकट आहे म्हणून एकाच दिवसात सगळं उरकू नका. एक दालन नीट बघा, दमायच्या आत बाहेर पडा, पुन्हा जा. व्ही अँड ए शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. ऑफिस सुटल्यावर तिथेच भेटा.

आणि महाराष्ट्र मंडळ लंडन. १९३२ पासून चालू आहे, डॉलिस हिल भागात स्वतःची वास्तू आहे. गणपतीत नुसते प्रेक्षक म्हणून जाऊ नका. खुर्च्या मांडायला, पानं वाढायला हात लागेल का, असं आधीच विचारून ठेवा.