गावात पाऊस नाही म्हणून बिनधास्त राहू नका: पुरात या चुका टाळा

"आज इथं थेंब नाही, पाणी कुठनं येणार?" बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, अथणी भागात पावसाळ्यात हे हमखास ऐकू येतं. सगळ्यात घातक चूक हीच. आपल्या दारातला पूर घाटमाथ्यावर तयार होतो. गावात ऊन असलं तरी महाबळेश्वर, कोयना, राधानगरीकडे कोसळलेला पाऊस खाली येतच असतो.

दुसरी चूक धरणांच्या नावांची सरमिसळ. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळून सांगलीवरून येतं. राधानगरीचं पाणी भोगावती, पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळतं. काळम्मावाडीचं पाणी दूधगंगेत येतं, पाटगावचं वेदगंगेत. हिडकलचा विसर्ग मात्र घटप्रभेत जातो. तो वाढला की गोकाककरांनी सावध व्हायचं, त्याचा कुडचीच्या कृष्णेशी संबंध नाही. आपल्या गावाच्या वर कोणतं धरण आहे, एवढं घरातल्या पोरांनाही माहीत हवं.

त्यातही एक मेख आहे. काळम्मावाडीचा विसर्ग कमी झाला की सदलगा भागातली मंडळी सुटकेचा श्वास टाकतात. पण पुढे कृष्णा दुथडी भरून वाहत असेल, तर दूधगंगेचं पाणी तिच्यात उतरत नाही. ते मागं तुंबतं आणि नदीकाठच्या मळीच्या रानात पसरतं. म्हणून कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक पाणी येतंय, तेही बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर.

"2005 ला आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं," हा भरवसाही सोडा. सांगलीत 2005 ची पातळी 2019 च्या महापुराने ओलांडली. जुनी खूण म्हणजे कमाल मर्यादा नव्हे.

बंधाऱ्यावरच्या पुलांबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. जत्राट-भिवशी, भोज-कारदगा, कल्लोळ-येडूर हे रोजच्या वहिवाटीचे रस्ते, त्यामुळे "गुडघ्याएवढंच तर आहे" म्हणून माणसं मोटारसायकल घालतात. घोट्याच्या वर आलेलं वेगवान पाणीही धडधाकट माणसाचे पाय उखडतं. दोन फूट पाण्यात चारचाकी वाहून जाते. शिवाय पाण्याखाली रस्ता खचलाय की नाही, वरून दिसत नाही. लांबचा फेरा पडू दे, पण पाण्यात गाडी घालू नका. आणि पूर बघायला पुलाच्या कठड्यावर गर्दी करू नका.

जनावरं दाव्याला बांधून ठेवणं ही आणखी एक चूक. रात्री अचानक निघायची वेळ आली की अंधारात गाठी सुटत नाहीत. उजेड असतानाच जनावरं उंचावर न्या, वैरण सोबत घ्या. सूचना कन्नडमध्ये आली तर घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना लगेच मराठीत समजावून सांगा. अडकलात तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 किंवा 112 लावा.

पाणी ओसरल्यावर ओल्या घरात मेन स्विच चालू करू नका. आधी वायरमनला दाखवा. अडगळीत साप असतात, हात घालण्याआधी काठीने हलवा. साप चावला तर थेट सरकारी दवाखाना गाठा. विहीर उपसून ब्लीचिंग पावडर टाकल्यावरही पाणी काही दिवस उकळूनच प्या. आणि घाईघाईने पडझड आवरू नका: आधी घराचे, उसाचे, गोठ्याचे फोटो काढा, तलाठ्याकडे नोंद करा, पंचनाम्याची प्रत मागा.