चकचकीत लेदरची चमक कमी करून मॅट कसं करायचं

ठाण्याहून स्लो लोकल पकडून सायनला उतरलं की धारावीचं लेदर मार्केट जवळच आहे, तिथे कतरण स्वस्तात मिळते, पण त्यातले बरेच तुकडे इतके चकचकीत असतात की चांगल्या चामड्याचं पाऊच किंवा डायरी कव्हर शिवलं तरी रेक्झीनचं वाटतं. ती चमक घरच्या घरी बऱ्यापैकी मारता येते.

मुळात ती चमक चामड्यावरच्या टॉपकोटची असते. कारखान्यात रंगावर अ‍ॅक्रिलिक, पॉलियुरेथेन नाहीतर लॅकरचा पातळ थर देतात, तो गुळगुळीत असला की उजेड आरशासारखा परत फेकतो. पण तोच थर खालच्या रंगाला पाण्यापासून आणि घामापासून सांभाळतो, म्हणून मी तर सांगेन की तो पूर्ण काढायच्या मागे लागूच नका, वरवर खरखरीत करा आणि त्यावर मॅट फिनिशर, म्हणजे न चमकणारा पातळ थर, द्या.

आधी तुकडा उलटा करून बघा, मागे तंतू दिसले तर चामडं, कापड दिसलं तर रेक्झीन, आणि रेक्झीनला अ‍ॅसिटोन लावलं की ते चिकट होऊन वाया जातं. पेटंट लेदर, म्हणजे काचेसारखं चमकणारं, त्याचा थर जाड असतो, त्याच्या नादी लागू नका, दुसरा तुकडा घ्या. मग पाण्याचा थेंब टाका. आत शिरून गडद डाग पडला तर कोट नाहीये, नाहीतर अगदी नावापुरता आहे, तिथे पुढचं काही करू नका. थेंब तसाच गोल राहिला तर नखाने हलकं खरवडून बघा, नखात मेणचट काही आलं तर ते मेण आहे, हेअर ड्रायरने कोमट करून सुती फडक्याने पुसून घ्या, बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं.

आता खरा टॉपकोट असेल तर, ओल्या फडक्याने आणि थोड्या सौम्य साबणाने पुसून पूर्ण वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन एकदा पुसा म्हणजे तेल आणि हाताचा चिकटपणा जातो. यानंतर घासणं. गाड्यांच्या पेंटच्या दुकानात राखाडी रंगाचा स्कॉचब्राइट मिळतो तो घ्या, भांड्यांचा हिरवा अजिबात नको, त्याने सरळ चरे पडतात. तो नसेल तर १००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे बारीक पॉलिश पेपर. गोल गोल, हलक्या हाताने, आणि उजेडात तिरकं धरून बघत राहा, चमक सगळीकडे सारखी मेली की थांबा, फडक्यावर रंग यायला लागला म्हणजे जास्त झालं. स्टील वूल बरेच जण सुचवतात पण त्याचे बारीक कण चामड्यात अडकतात, आणि व्हेज टॅन, म्हणजे झाडापासूनच्या टॅनिनने कमावलेलं, चामडं असेल तर लोखंड आणि टॅनिन मिळून काळे डाग पडतात, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर हमखास.

एवढं करूनही थर हट्टी असेल तरच अ‍ॅसिटोन. हार्डवेअर किंवा केमिकलच्या दुकानातून साधं अ‍ॅसिटोन आणा, नेलपेंट रिमूव्हर नको कारण त्यात तेल आणि सुगंध असतो. कापूस जेमतेम ओला, एकाच दिशेने एक हात, लगेच सुकू द्या. खिडकी उघडी, हातात ब्युटाइल रबरचे ग्लोव्हज (नायट्राइलचे अ‍ॅसिटोनपुढे टिकत नाहीत), आणि गॅस किंवा देवघरातली समई जवळ पेटलेली नको, वाफ पटकन पेट घेते. फ्लॅटमध्ये काम करत असाल तर गॅलरीत बसा.

मग अ‍ॅक्रिलिक मॅट फिनिशर. बाटलीतली मॅट करणारी पावडर तळाशी बसते, ती चमच्याने नीट ढवळून घ्या, जोरात हलवलंत तर फेस होतो. मऊ स्पंजने अगदी पातळ हात, सुकला की आडवा दुसरा, बस. जाड थर दिला तर काळ्या चामड्यावर पांढुरकी झाक येते आणि दुमडल्यावर तडे जातात. पावसाळ्यात वाशी-नेरूळकडे हवा इतकी ओली असते की दोन हातांमध्ये बराच वेळ द्यावा लागतो, पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. पूर्ण एक दिवस तसंच राहू द्या, मग एक कोपरा दुमडून बघा, तडा गेला नाही तरच कापायला आणि शिवायला घ्या. हे सगळं आधी एका कतरणीवर करून बघायचं, चांगल्या तुकड्यावर थेट नाही.

बॅगेचा पट्टा, पाकिटाची कड अशा जागा हाताने घासून पुन्हा चमकायला लागतात, ते होणारच. तिथे राखाडी स्कॉचब्राइटचा एक हलका हात आणि फिनिशरचा एक पातळ थर पुरतो, आणि बूट पॉलिश किंवा सिलिकॉनवालं शायनर कधीच लावू नका, त्याने सगळी चमक परत येते आणि वर पुढचा कोट धरत नाही.