चार अक्षरी डॉट कॉम नाव पुढे विकण्यासाठी घ्यायचे असेल तर

रोमन अक्षरे २६. त्यामुळे दोन अक्षरी डॉट कॉम नावे ६७६, तीन अक्षरी १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६. यात एकाचीही भर पडणार नाही. छोट्या डोमेनला, म्हणजे वेबसाइटच्या नावाला, भाव येतो तो आधी या आकड्यांमुळे. फेसबुकने २०१० साली एफबी डॉट कॉमसाठी ८५ लाख डॉलर मोजले. सामान्य माणसाला परवडू शकतात ती चार अक्षरी नावे. तीही कोणा ना कोणाकडे आहेतच, म्हणजे घ्यायची ती मालकाकडून किंवा मुदत संपलेल्या नावांच्या लिलावातून.

पण माल मोजका आहे म्हणून गिऱ्हाईक असतेच असे नाही. नवख्यांचे पैसे बुडतात ते इथेच.

१. आधी गिऱ्हाईक शोधा. झोहोसारखे व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर असे नाव उच्चारता येते, म्हणून ते ब्रँड होऊ शकते. ते फोनवर एकदा सांगा आणि समोरच्याला लिहायला लावा. आपल्या तोंडी ‘व’ म्हणजे व्ही की डब्ल्यू, ‘क’ म्हणजे सी, के की क्यू, असा घोळ होत असेल तर किंमत कमी धरा. नाव उच्चारता येत नसेल तर ती आद्याक्षरे किती कंपन्या वापरतात ते मोजा. लांबलचक वेब पत्त्यावर काम चालवणाऱ्या दहा-बारा कंपन्या सापडल्या, तर मागणी येण्याची शक्यता आहे. एकाच प्रसिद्ध कंपनीचे नाव निघाले तर हात लावू नका. तिला विकण्याच्या इराद्याने घेतलेले नाव यूडीआरपी (डोमेनवरचे वाद सोडवण्याची पद्धत) तक्रारीत काढून घेतले जाते आणि भरपाई मिळत नाही.

२०१५ च्या अखेरीस चिनी गुंतवणूकदारांनी स्वर आणि व्ही वगळून उरलेल्या २० अक्षरांची नावे धडाधड उचलली. चार अक्षरांत अशी १,६०,००० होतात. २०१६ मध्ये भाव कोसळले, कारण बरीचशी खरेदी-विक्री व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतच चालली होती. नाव वापरणारा धंदा त्या साखळीच्या टोकाला नव्हता.

२. इतिहास तपासा. वेबॅक मशीन या वेबसाइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर जुनी पाने पाहा. तिथे जुगाराची किंवा फसवणुकीची साइट होती का? स्पॅमहाउस या स्पॅमशी जोडलेली नावे नोंदवणाऱ्या संस्थेच्या यादीतही नाव शोधा. ते तिथे असेल तर पुढच्या मालकाचे ईमेल अडतील आणि तुमचा सौदा फिसकटेल.

३. भाव ठरवा. नेमबायोवर झालेल्या विक्रीच्या नोंदी मिळतात. त्याच धाटणीचे, त्याच विस्ताराचे (म्हणजे शेवटी डॉट कॉमच असलेले), गेल्या दोन वर्षांतले सौदे बघा. मालकाने मागितलेला आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे. आद्याक्षरांच्या नावांबाबत आपोआप निघणाऱ्या मूल्यांकनावर तर आमचा अजिबात भरवसा नाही.

वर्षाचा खर्चही जोडा. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉट कॉमचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर झाला. रजिस्ट्रारचे (नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीचे) कमिशन आणि कर वेगळे. म्हणजे २० नावे पाच वर्षे धरली तर नुसत्या घाऊक दरानेच हजारावर डॉलर जातात. पडून राहिलेली वीस नावे घेण्यापेक्षा एकच चांगले नाव घ्यावे.

४. पैसे थेट पाठवू नका. एस्क्रो सेवेत, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाकडे, भरा. मग विक्रेता नाव हलवू न देणारे कुलूप काढून ऑथ कोड (नाव हलवण्याचा गुप्त कोड) देतो आणि तुम्ही नाव आपल्या रजिस्ट्रारकडे हलवता. त्याला पाच-सहा दिवस लागू शकतात. दोघांचा रजिस्ट्रार एकच असेल तर ते लगेच खात्यात येते. नाव प्रत्यक्ष तुमच्या खात्यात दिसल्यावरच रक्कम सोडा. नाव नुकतेच नोंदवलेले किंवा हलवलेले असेल तर ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, हे विक्रेत्याला आधीच विचारून घ्या.

५. चोरीपासून जपा. २००६ मध्ये पी२पी डॉट कॉम मालकाच्या खात्यातून चोरीला गेले आणि चोराने ते ईबेवर विकले. रजिस्ट्रारचे कुलूप आणि दुहेरी पडताळणी चालू ठेवा. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको, कारण नाव गेले की ईमेलही गेला.

नूतनीकरण आपोआप होईल असे ठेवा, पण कार्डाची मुदत तपासत राहा. चुकलेच, तर कागदावर सवलतीचे जास्तीत जास्त ४५ दिवस, मग जबर दंड भरून सोडवण्याचे ३० आणि पुसण्याआधीचे ५ दिवस असतात. यातले पहिले ४५ रजिस्ट्रारच्या मर्जीवर आहेत आणि अनेक रजिस्ट्रार त्याच काळात नाव लिलावात काढतात.