दुर्बीण आधी लॅपटॉपवर उभी करा

पावसाळ्यात मुंबईकरांनी तारे विसरायचे असतात. मुलुंडच्या माझ्या खोलीत हे महिने सिम्युलेशनचे. अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स (हवेनं थरथरणारी ताऱ्याची प्रतिमा लवचिक आरशानं सावरण्याचं तंत्र) शिकायला येणाऱ्या मुलांना मी सांगते, महागडा लवचिक आरसा हातात यायच्या आधी तो पायथॉनमध्ये चालवून बघा. ‘एचसीआयपाय’सारख्या तयार लायब्ररी आहेत, फुकटही आहेत. पण पहिल्या खेपेला नम्पाय (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) घेऊन स्वतःच लिहा.

३.६ मीटर व्यासाचं वर्तुळ काढा (नैनितालजवळच्या देवस्थळची दुर्बीण एवढीच आहे), मधोमध दुय्यम आरशाची सावली. भोवती शून्यं भरून जाळी व्यासाच्या किमान दुप्पट करा आणि फूरिये रूपांतर घ्या; त्याच्या मापाचा वर्ग म्हणजे ताऱ्याची प्रतिमा. १.६५ मायक्रॉनला ताऱ्याची रुंदी जेमतेम ०.१ आर्कसेकंद दिसली पाहिजे. तोवर हवेला हात लावू नका.

हवा म्हणजे भर दुपारी रुळांवर थरथरताना दिसते तीच. फ्रीड लांबी (जेवढ्या रुंदीत हवेतून आलेली प्रकाशाची लाट जवळपास सपाट राहते ती) ५०० नॅनोमीटरला १० सेंटिमीटर धरा, १.६५ मायक्रॉनला ती ४२च्या आसपास जाते, म्हणून इन्फ्रारेडमध्ये काम सोपं. खरी मेख फेज स्क्रीनमध्ये, म्हणजे हवेनं लाटेत केलेल्या चढउतारांच्या नकाशात आहे. फूरियेनं बनवलेल्या स्क्रीनमध्ये तिच्याहून मोठ्या लाटा मावतच नाहीत. आणि कोल्मोगोरोव्ह हवेतली (खळबळीचं नेहमीचं गणिती मॉडेल) सुमारे ८७ टक्के गडबड अख्खी लाट नुसती कलण्याची असते! तीच गळाली तर कुठलीही सिस्टिम झकास दिसणार. सबहार्मोनिक्स (स्क्रीनहून लांब लाटा) घाला, भरपूर स्क्रीन बनवा, प्रत्येकीची सरासरी पातळी वजा करून व्हेरिअन्स मोजा. आउटर स्केल (हवेतल्या सर्वात मोठ्या भोवऱ्यांचं माप) अनंत असेल तर वरच्या आकड्यांना, १.६५ मायक्रॉनवर, तो ३७ रेडियन वर्गाजवळ यायला हवा.

मग शॅक-हार्टमन सेन्सर (भिंगिकांच्या, म्हणजे चिमुकल्या भिंगांच्या जाळीनं लाटेचा उतार मोजणारा) आणि आरसा जोडा, स्क्रीन १० मीटर प्रति सेकंद वेगानं सरकवा. लूपमध्ये (मोजा, आरसा हलवा, पुन्हा मोजा) दोन फ्रेमचा उशीर ठेवाच. पोरं हमखास शून्य ठेवतात.

आता मुद्दाम खोडी काढा. ज्या मॉडेलवरून कंट्रोल मॅट्रिक्स (सेन्सरच्या मापांवरून आरशाला हुकूम देणारा तक्ता) काढलं, त्याच मॉडेलवर परीक्षा घेणं म्हणजे पेपर फोडून पास होणं. मॅट्रिक्स जुनंच ठेवून आरसा एका भिंगिकेच्या दहा टक्के सरकवा, फोटॉन नॉइज घाला, वारा फिरवा. लूप तरीही टिकला तरच पुढे जा.

अ‍ॅक्च्युएटर (आरशाला मागून ढकलणारे दट्टे) एकमेकांपासून ४२ सेंटिमीटरवर असतील तर अखंड पृष्ठाच्या आरशाचा नुसता फिटिंग एरर (आरशाला न जमणाऱ्या बारीक सुरकुत्यांची चूक) १.६५ मायक्रॉनला ०.२८ रेडियन वर्ग, म्हणजे स्ट्रेल (आदर्श प्रतिमेच्या तुलनेत शिखराची चमक) फार तर ७६ टक्के. तुमचा ९० आला तर पेढे वाटू नका, कोड उघडा.